म्हणे टेम्पररी!

मंडळी, आज मला भांडायचं आहे. वयाच्या ७६ व्या वर्षी माणसानं जरा शांत व्हावं, असं धाकटी बहीण मला दर दोन दिवसांनी फोनवर सांगते. माझी काही ना नाही. पण पुण्याहून परत आल्यापासून एक शब्द डोकं कुरतडतोय आणि तो बाहेर काढल्याशिवाय मला धड झोप लागणार नाही. तो शब्द म्हणजे 'टेम्पररी'.

तर झालं असं. माझ्या भाचीनं (धाकट्या बहिणीची मुलगी) पुण्याच्या कडेला एका उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दिवाळीत राहायला गेले. घर छानच आहे, नाव ठेवायला जागा नाही. हॉलला आणि झोपायच्या खोलीला पार जमिनीपर्यंत काचा. पडद्यांचं काम एका माणसाकडे दिलं होतं. त्यानं मापं नेली, नमुन्यांची जाडजूड पुस्तकं दाखवली, सगळ्या घराचा मिळून ७८,००० रुपये अंदाज दिला, निम्मे आगाऊ घेतले, रॉड बसवले आणि पडदे तीन आठवड्यांत देतो म्हणाला. तिनाचे सहा झाले, सहाचे नऊ झाले. दरम्यान भाची बाळंत झाली.

मी मदतीला म्हणून फेब्रुवारीत गेले. पहिल्याच दुपारी बाळ रडायला लागलं, तशी ही त्याला उचलून बाथरूममध्ये गेली. मला वाटलं, धुवायला नेलं असेल. बराच वेळ झाला तरी बाहेर येईना म्हणून दार वाजवलं, तर आत प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून ती बाळाला पाजत होती! पाय गार फरशीवर. समोर दुसऱ्या इमारतीचं काम चालू आहे, परांचीवर माणसं असतात, आणि ती परांची नेमकी यांच्या मजल्याच्या उंचीला आलेली. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? ते भिंत बांधायला आलेत, समोर काच आहे, काचेतून दिसतं. पण ७८,००० रुपयांच्या पडद्यांची वाट बघत एक बाळंतीण अकरा दिवस मोरीत बसून मुलाला पाजत होती, आणि घरातल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. "अगं मावशी, पडदे येणारच आहेत ना आता," असं ती स्वतःच मला म्हणाली.

माझ्या पिशवीत दोन सुती सहावारी साड्या होत्या. खालच्या दुकानातून चिमट्याच्या रिंगा आणवल्या, दोन डझन. रिंगेला खाली छोटा चिमटा असतो तो प्रकार. मोठ्या गावात पडद्यांच्या दुकानी मिळतो, नाही मिळाला तर साध्या रिंगा आणि सेफ्टी पिना. जावईबापूंना टेबलावर चढवलं. रॉडच्या टोकाचा गोळा फिरवून काढायचा, रिंगा ओवायच्या, गोळा परत लावायचा. आता साडी. सहा वार म्हणजे १८ फूट. ती मधोमध दुमडली की ९ फूट दुहेरी. काच ८ फूट. मग दुमडीकडचा फूटभर भाग पुढे पाडला, त्याची आपोआप झालर झाली, आणि त्या मोडीवर सहा सहा इंचांवर चिमटे लावले. पन्हा पावणेचार फूट, दोन साड्या मिळून साडेसात, खिडकी सहा फुटांची. चुण्या फार नाहीत, पण दुहेरी कापडामुळे रात्री दिवा लावला तरी आतली सावली बाहेर दिसत नाही. कात्री नाही, सुई नाही, टीप नाही. अर्ध्या तासात काम झालं. भाची पलंगावर पाठ टेकून बसली, बाळ पाजलं, आणि दोघंही झोपली. मीही झोपले.

दोन दिवसांनी तो पडदेवाला पुन्हा एक माप घ्यायला आला. (नऊ आठवड्यांनंतर पुन्हा माप!) साड्यांकडे बघून हसला आणि म्हणाला, "आजी, टेम्पररी म्हणून छान आहे हं." मी म्हटलं, "अरे बाळा, तुझे पर्मनंट कुठे आहेत?" तो गोड हसला. हसायला छान शिकवतात त्यांना.

इथवर ठीक होतं. पण पुढच्या रविवारी बारसं होतं. सकाळी मी पूजेच्या तयारीत, आणि बघते तर साड्यांच्या घड्या घालून माझ्याच बॅगेवर ठेवलेल्या. फोटोत बरं दिसत नाही म्हणून काढल्या. कोणी काढल्या ते लिहीत नाही, कारण ती मंडळीही हे वाचतात. चाळीस पाहुणे आले. पाळणा म्हणून झाला, नाव ठेवून झालं, पेढे वाटले, आणि बाळाला भूक लागली तेव्हा भाची जरीची साडी सावरत पुन्हा त्या स्टुलावर जाऊन बसली. बाहेर जेवणाची पंगत चालू होती. मी दाराशी उभी होते, आतून कडी नीट लागत नाही म्हणून.

म्हणून हे भांडण.

माझं म्हणणं एवढंच आहे की न शिवलेला पडदा ही अडचणीची तडजोड नाही. तो पुरता, सगळ्या अर्थांनी पडदा आहे. आडोसा देतो, ऊन अडवतो, धुता येतो, काढता येतो. त्याला 'टेम्पररी' म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, पर्मनंट म्हणजे काय? आमच्या ह्यांच्या बदलीच्या नोकरीत आम्ही सहा गावं केली. प्रत्येक गावात मी हौसेनं मापाचे पडदे शिवले, आणि प्रत्येक बदलीत कळलं की नव्या घराची एकही खिडकी जुन्या पडद्याच्या मापाची नाही. कुठे दोन वीत आखूड, कुठे लोळण घेतात. एक अख्खी ट्रंक अशा पडद्यांनी भरली होती. शेवटी त्यांची पायपुसणी झाली. शिवलेला पडदा एकाच खिडकीचा असतो. माझ्या त्या दोन साड्या मात्र बारशाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा पडदा झाल्या, आणि उद्या काढल्या तर मी त्यातली एक नेसून बाजारात जाईन.

आणि मुळात ही पाळी आली कशामुळे, तेही बोलूया. जुन्या वाड्यांतल्या खिडकीला चार झडपा असायच्या, दोन खाली, दोन वर. खालच्या लावल्या की रस्त्यावरच्या माणसाला आत दिसत नसे. वरच्या उघड्या ठेवल्या की उजेड, वारा येतच राही. आडोसा खिडकीतच होता! पडद्याची गरजच नव्हती. मग झडपा गेल्या, गज आणि काचेची तावदानं आली, तेव्हा लोकांनी खालच्या अर्ध्या भागाला दोन खिळे ठोकून, स्प्रिंग ताणून अर्धा पडदा लावला. म्हणजे खालच्या झडपेचं काम कापडानं केलं. माझ्या वयाच्या सगळ्यांना तो अर्धा पडदा आठवत असेल, वाऱ्यानं फुगणारा, आणि आम्हा पोरींना त्याखालून रस्त्यावरची गंमत बघू देणारा. आता सरकत्या काचा आल्या. बिल्डर आडोसा काढून घेतो, त्याला 'व्ह्यू' म्हणतो, आणि तो आडोसा परत मिळवायला आपण वेगळे पैसे मोजतो. तेही आनंदानं.

दुसरं म्हणजे, न शिवलेल्या कापडाला कमी लेखणं हे आपल्याला शोभत नाही. आपलं लुगडं, धोतर, उपरणं, पंचा, यांतल्या कशाला टाका होता? देवाच्या कामाला सोवळं लागतं तेही न शिवलेलं. विणकरानं काठ घालून दिला की दोन्ही बाजू पक्क्या, उसवायचा प्रश्न नाही. एवढं तयार कापड हातात असताना त्याचे तुकडे करून, पुन्हा कडा दुमडून, पुन्हा टीप मारून, त्याला पुन्हा पक्कं करायचं, म्हणजे द्राविडी प्राणायाम नाही तर काय!

इथे मला एक कबूल केलं पाहिजे. (भांडायला निघालेल्या माणसानं आधी आपलं अंगण झाडावं, असं आमची आई म्हणायची.) मी शाळेत मराठी शिकवायचे, पण मुलींच्या शिवणाचे तासही बरीच वर्षं माझ्याकडे होते. मुलगे बागकामाला बाहेर, मुली सुईदोरा घेऊन वर्गात. का, असं मीही कधी विचारलं नाही. धावदोरा, उलटी टीप, काजं, आणि हेमिंग. माझं हेमिंग शाळेत प्रसिद्ध होतं, उलट्या बाजूनं टाका दिसता कामा नये. आठवीतल्या एका मुलीची आई विड्या वळायची. सोलापुरात निम्म्या वर्गाच्या आया तेव्हा विड्या वळायच्या, त्यात विशेष काही नव्हतं. मी सगळ्यांना अर्धा मीटर नवं मांजरपाट आणायला सांगितलं होतं. हिनं आईच्या लुगड्याचा तुकडा आणला. स्वच्छ धुतलेला, चौकोनी फाडलेला. मी तो सगळ्यांसमोर वर धरला आणि म्हटलं, "हे जुनेर चालणार नाही." पुढचे तीन आठवडे ती शिवणाच्या तासाला मागच्या बाकावर रिकाम्या हातानं बसून होती. टाका तर त्या तुकड्यावरही घालता आला असता. मी त्या पडदेवाल्या पोरावर एवढी का भडकले, याचा विचार परतीच्या गाडीत केला तेव्हा हा तुकडा आठवला. ४५ वर्षं झाली असतील. माझा शब्द 'जुनेर' होता आणि त्याचा 'टेम्पररी', एवढाच काय तो फरक.

असो.

आता दुसऱ्या बाजूलाही थोडं झोडपते. मोबाईलवर 'न शिवता पडदे' म्हणून जे व्हिडिओ येतात, ते नातीनं मला दाखवले. त्यात आधी ग्लू गन घ्या, मग अमुक टेप घ्या, तमुक रिंगा घ्या, सजावटीची लेस घ्या. शिंपी परवडला! शिवाय हा गोंद. मी स्वतः फसले आहे म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या पश्चिमेच्या खिडकीला मी हौसेनं गरम गोंदानं नेफा चिकटवलेला पडदा लावला. सोलापूरचा मे महिना, चार वाजताचं ऊन थेट काचेवर. तिसऱ्या दिवशी नेफा सुटून पडदा खाली! हा गोंद उष्णतेनंच पातळ होतो, त्याचा तो धर्मच आहे. त्याला उन्हात लावणारी मी शहाणी. इस्त्रीनं चिकटणारी पट्टी त्यापेक्षा बरी. सुती कापडाच्या दोन पदरांत ठेवून गरम इस्त्री दाबून धरायची, घासायची नाही. पण तीही गरम पाण्याच्या धुण्यात हळूहळू सोडते, आणि नायलॉनवर तेवढी गरम इस्त्री फिरवली तर कापडच वितळू शकतं.

माझा अनुभव विचाराल तर चिकटवण्याच्या वाटेलाच जाऊ नका. साडीचे काठ कामाला लावा. नेहमीच्या चार फुटी खिडकीला साडी उभी नाही, आडवी घ्यायची. पन्हा साधारण ४५ इंच असतो, म्हणजे एक काठ वर, एक काठ खाली, आणि खिडकीची उंची जवळजवळ झाकली गेली. रिंगेची लोंब धरून खाली दोन बोटं उघडं राहिलं तर राहू दे, वारा येईल. घेर खिडकीच्या दुप्पट तरी हवा, नाहीतर पडदा न वाटता वाळत घातलेला कपडा वाटतो (ही एक तक्रार मात्र रास्त आहे). चार फुटाला आठ-नऊ फूट, म्हणजे एका साडीत दोन खिडक्या.

त्यासाठी साडी मधून वेगळी करावी लागते. तिथे कात्री चालवत जाऊ नका. काठाला छोटी चीर द्या आणि फाडा. साध्या विणीचं सुती कापड आडव्या धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्रीनं इतकं सरळ कधीच कापलं जात नाही. मग फाटलेल्या कडेचे आडवे धागे दोन बोटं काढून टाका आणि मोकळ्या राहिलेल्या उभ्या धाग्यांच्या जुड्या करून गाठी मारा. दशा झाल्या. उपरण्याला असतात तशा. ती कड मग उसवत नाही आणि दिसतेही सुंदर. टीव्ही बघता बघता होणारं काम आहे. माझ्या बोटांना संधिवात आहे, सुईत दोरा ओवणं चार वर्षांपूर्वीच सुटलं, पण गाठी अजून मारता येतात.

नवं कापड आणलंत तर आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच मोजा. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतंच. आणि घरात रांगतं-चालतं मूल असेल तर पडद्याला लांब दोऱ्या, फास, बांधायचे गोफ खाली लोंबू देऊ नका. गळ्यात अडकतात. गॅसजवळ आणि समईजवळ असलं मोकळं कापड नको, हे सांगायला नको.

उन्हाचं म्हणाल तर त्याला आमच्याकडे सोलापुरी चादर आहे. तिला मानांकन वगैरे मिळालंय ते ठीक, पण पश्चिमेच्या खिडकीला तिच्याइतका पडदा नाही. माझ्याकडच्या चादरी पाच फूट बाय साडेसात, चारी कडा तयार. जड असते म्हणून चिमटे जास्त लागतात आणि स्प्रिंग चालत नाही, रॉडच हवा. आतल्या पडद्याला मात्र एक मर्यादा आहे. काचेतून आलेलं ऊन एकदा आत शिरलं की शिरलं, पडदा तापतो आणि निम्मी धग घरातच सोडतो. अडवायचं तर काचेच्या बाहेर. म्हणून माझ्या गॅलरीला बाहेरून बांबूची चिक आहे आणि एप्रिल-मे मध्ये वाळ्याचा पडदा. संध्याकाळी त्यावर पाणी मारलं की खोलीला पहिल्या पावसाचा वास येतो. हे कोरड्या हवेचं काम, मुंबईच्या घामट हवेत त्याचा उपयोग नाही. आणि हो, चिक काय, वाळा काय, त्यांनाही कोणी शिंपी लागत नाही. सुतळीनं बांधलं की झालं.

आता समोरचं म्हणणंही ऐकते. शिवलेला, अस्तर लावलेला, चुण्या पक्क्या केलेला पडदा देखणा दिसतो का? दिसतो. नाटकाच्या पडद्यासारखा घरंदाज पडतो. ज्याला हौस आहे, पैसे आहेत, त्यानं जरूर करावा. शिंप्याच्या पोटावर पाय द्यायला मी निघालेले नाही. माझी तक्रार देखणेपणाशी नाही. तो देखणा पडदा येईपर्यंत खिडकी उघडीच राहिली पाहिजे, ही जी समजूत झाली आहे, तिच्याशी आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी दीड वर्ष खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं, कारण "पडदे करायचेत, पण जमत नाहीये." घरात दहावीची मुलगी, समोर रिक्षास्टँड. आणि कपाटात सहा साड्या! "साडी लावली की लोक हसतात, बाई." कोण हसतात? ज्यांची मापं घ्यायला माणूस येतो ते, की त्यांचं बघून आपणही तसंच हसायला शिकलेले आपण? मी त्यांना जुन्या दोन चादरी आणि डझनभर चिमटे दिले. आता खिडकी उघडी असते आणि पडदा ओढलेला असतो. कागद होता तेव्हा वाराच बंद होता.

पुण्याचे पडदे अखेर आले, पंधराव्या आठवड्यात. रंग छान आहे, फोटो पाहिला. वजन इतकं आहे की घरच्या मशिनमध्ये मावत नाहीत, ड्रायक्लीनिंगला द्यावे लागतात, आणि ते आठ दिवस ठेवून घेतात. मागच्या आठवड्यात बाळानं एकावर मनसोक्त ओकी काढली. काल भाचीचा फोन आला. "मावशी, तुझ्या त्या साड्या पुन्हा लावल्यात गं. मोठ्या खोलीलाही हव्यात. येताना आणखी दोन आणशील? आणि रिंगा दोन डझन, इथे आता तसल्या मिळत नाहीयेत."

मंगळवारची गाडी आहे. हिरवी आणि ती जुनी इरकल धुऊन ठेवली आहे.